जिवतीची सवाष्ण

शाल्मलीने मुद्दाम जेवणाची वेळ निवडली होती.

चातुर्मासात वैजयंतीबाई मौनाने जेवत. पहिला घास घेतला की हात धुऊन आचमन होईपर्यंत तोंडातून शब्द नाही. मीठ हवं असलं तरी बोटानेच खूण. बत्तीस वर्षांचा नेम होता. पोस्टात नोकरीला होत्या तेव्हाही त्यांनी काउंटरमागे डबा उघडला की पोस्टमास्तर आलेल्या माणसाला सांगत, बाई जेवतायत, दहा मिनिटं बसा. शाळेत असताना शाल्मली कमी मार्कांचे पेपर नेमके याच वेळी पुढे करायची. रागवायला आईला घास संपेपर्यंत थांबावं लागे, आणि घास संपेपर्यंत निम्मा राग उतरलेला असे.

आता शाल्मली छत्तीस वर्षांची होती. २०४७ सालचा श्रावण चालू होता. मिरजेतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ती उभी होती आणि आईच्या पानात वरणभात होता, पडवळाची भाजी होती.

"तू जेव आई," ती म्हणाली. "मी बोलते."

महिनाभरापूर्वी ती बंगळूरहून मिरजेत आली, इस्पितळाजवळ खोली घेऊन राहिली आणि आईकडे आठवड्यातून एकदा एकटीच डोकावून जाऊ लागली. काम आहे, एवढंच सांगत होती. ओवी आली आहे का, हे वैजयंतीबाईंनी विचारलं नव्हतं. सहा वर्षं शाल्मली आणि ओवी बंगळूरला एका घरात राहत होत्या, बाई लोणच्याची बरणी दोघींच्या अंदाजाने मोठी पाठवत होत्या, पण नावाने चौकशी कधी करत नव्हत्या. न विचारणं ही मायलेकींमधली एक रीतच होऊन बसली होती.

तर शाल्मलीने सांगायला सुरुवात केली. ओवीही मिरजेतच आहे. ओवीला नववा लागला आहे. बाळ कुणा तिसऱ्याचं नाही, दत्तक नाही, उसनं नाही. ते दोघींचं आहे, निम्मं ओवीचं आणि निम्मं शाल्मलीचं. नवं तंत्र आहे, इथल्याच इस्पितळात ते केलं, बाळंतपणही त्यांच्याच देखरेखीखाली व्हायचंय, म्हणून तर मिरजेला आलो. आणि बाळ यायच्या आत लग्नाची नोंद व्हायला हवी. दोन वर्षांपूर्वी कायदा झाला आहे, आम्ही नोटीस दिली आहे, तीस दिवसांची मुदत पुढच्या गुरुवारी संपते.

वैजयंतीबाईंनी भाताचा घास कालवला तो कालवतच राहिल्या.

"आमच्या नोटिशीवर एकच हरकत आलीय," शाल्मली म्हणाली. "तुझी."

बाईंनी मान वर केली. बोलता येत नव्हतं, पण डोळे म्हणत होते, मी कधी?

मग त्यांना आठवलं. आषाढात, दत्तमंदिरात भजन संपल्यावर भजनी मंडळाच्या प्रमिलाताईंनी पाटीएवढा पडदा सगळ्यांपुढून फिरवला होता. वर मजकूर होता की या कायद्याला आमचा विरोध आहे, विवाह हा संस्कार आहे. खाली अंगठा टेकवायचा. मंडळाच्या एकवीसच्या एकवीस बायकांनी टेकवला होता. बाकीच्या वीस अंगठ्यांचं काही झालं नाही, ते एका फायलीत जाऊन बसले. पण नोंदणी कार्यालयातलं यंत्र प्रत्येक अंगठा चालू नोटिशींशी ताडून पाहायचं आणि रक्ताचं नातं सापडलं की तो विरोध 'नातेवाइकाची हरकत' म्हणून त्या नोटिशीला आपोआप जोडायचं. वैजयंतीबाईंच्या अंगठ्याला तसं नातं सापडलं होतं. आता ती हरकत त्यांनीच, मुदतीच्या आत, समक्ष जाऊन मागे घेतली तरच सुटणार होती.

त्यांनी पानातलं संपवलं. अन्न टाकायचं नाही हाही नेमच होता. हात धुतले, आचमन केलं.

"मी कायद्याविरुद्ध अंगठा दिला होता गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढतच नसे. "तुझ्याविरुद्ध नाही."

"त्या कायद्यात दुसरं कोण आहे आई? आम्हीच आहोत की."

"तुम्ही एकत्र राहता, मी कधी शब्दाने बोलले? सुखाने राहा. बाळ येतंय, देव त्याला उदंड आयुष्य देवो. पण लग्न हे अग्नीसमोरचं, सात पावलांचं असतं. ज्याला मी मनातून लग्न म्हणत नाही त्याला सरकारात जाऊन लग्न म्हणायचं, हे देवासमोर खोटं बोलणं होईल. मी हरकत मागे घेणार नाही."

शाल्मलीने वाद घातला नाही. आईचं ताट घासून नेहमीसारखं पालथं घातलं. चपला घालताना म्हणाली, "या गुरुवारी इस्पितळात तुझं रक्त हवंय. तेवढं देशील?"

"माझं कशाला?"

"आजीचं लागतं."

*

डॉक्टर रेहाना मुजावर बोलायला गोड होत्या आणि घाईत नव्हत्या. वैजयंतीबाई पोस्टातून निवृत्त झाल्या आहेत हे कळल्यावर त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, "मग तुम्हाला समजावणं सोपं आहे."

त्यांनी सांगितलं ते असं. प्रत्येक माणसाच्या पेशीत घडणीचा सगळा मजकूर दोन प्रतींत असतो. एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. मजकूर जवळजवळ सारखाच. पण शंभरेक ठिकाणी निसर्ग छोटे रासायनिक शिक्के मारून ठेवतो. जिथे शिक्का, ते पान बंद, वाचायचं नाही. आईच्या प्रतीवर काही पानं बंद असतात, वडिलांच्या प्रतीवर वेगळी. दोन्ही मिळून काम भागतं. आता दोन्ही प्रती बायकांच्याच घेतल्या, तर तीच ती पानं दोन्हीकडे बंद राहतात. गर्भाला पोसणारी वार नीट धरत नाही, गर्भ वाढत नाही. दोन बायकांचं मूल होत नव्हतं त्याचं कारण एवढंच होतं.

"म्हणजे मजकुराची अडचण नव्हती," वैजयंतीबाई म्हणाल्या. "शिक्क्याची होती."

"अगदी. आम्ही शाल्मलीच्या त्वचेची पेशी घेतली, तिच्यापासून बीज तयार केलं, त्यावरचे आईकडचे शिक्के पुसले आणि वडिलांच्या प्रतीवर असतात तसे मारले. मग ते ओवीच्या बीजाशी जोडलं. दोघी बायका, म्हणून मूल मुलगीच होणार. मुलगा होण्याचा मजकूरच दोघींकडे नाही."

"आणि शिक्का चुकीचा पडला तर?"

चुकीच्या टपालघराचा शिक्का पडून गावोगाव फिरून आलेली पत्रं बाईंनी खूप पाहिली होती.

"पडू शकतो. म्हणूनच तुमचं रक्त. शाल्मलीकडची एक प्रत तिच्या आईची की वडिलांची, हे कळलं की तिथला शिक्का बरोबर बसलाय का ते पडताळता येतं."

परिचारिकेने फॉर्म पुढे केला. 'बाळाशी नाते' असा रकाना होता. वैजयंतीबाईंनी पेन हातात घेतलं. त्यांनी लिहिलं, आजी. इस्पितळाच्या कागदाने कसलाही पुरावा न मागता ते ठेवून घेतलं.

बाहेर बाकावर ओवी बसली होती. शिडशिडीत, सावळी, पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आलेले. बाईंना पाहून ती नमस्कारासाठी उठायला लागली.

"वाकू नकोस," वैजयंतीबाई म्हणाल्या. सहा वर्षांत त्या तिच्याशी प्रथमच बोलत होत्या. मग काहीतरी आणखी बोलायला हवं म्हणून म्हणाल्या, "पाय उंच ठेवून निजत जा. लोणचं खाऊ नकोस आता. मीठ असतं."

"खारातलं बोट चाटते फक्त, काकू," ओवी म्हणाली. "बरणी संपायला आलीये तुमची."

*

श्रावणातला तिसरा शुक्रवार आला. देवघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद आधीच लावलेला होता. वर नरसिंह आणि कालियामर्दन, मध्ये पाळणा हलवणाऱ्या, अंगाखांद्यावर मुलं घेतलेल्या जरा आणि जिवंतिका, खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. आघाड्याची माळ, दूर्वा, कापसाची वस्त्रं. नैवेद्याला पुरण, दूध-साखर, चणे-फुटाणे. लेकरांच्या आयुष्यासाठी आईने करायची ही पूजा. शाल्मली परगावी गेल्यापासून वैजयंतीबाई औक्षण झालं की चारी दिशांना अक्षता टाकत. जिथे असेल तिथे पोचोत.

सवाष्ण म्हणून दर शुक्रवारी प्रमिलाताई यायच्या. समोरच्याच इमारतीत राहायच्या, सत्तरी ओलांडलेल्या, भजनी मंडळाच्या प्रमुख. आघाडा त्यांच्याच कुंड्यांतला. अकरा वर्षांपूर्वी वैजयंतीबाईंचे यजमान गेले, त्या वर्षी श्रावणात हळदीकुंकवाचं तबक त्यांच्यापाशी येऊन थबकलं होतं. तेव्हा याच प्रमिलाताईंनी कुणाकडे न बघता करंगळीने त्यांच्या कपाळावर कुंकू टेकवलं होतं आणि तबक पुढे सरकवलं होतं. त्या दिवसापासून त्यांचा शब्द वैजयंतीबाईंनी खाली पडू दिला नव्हता.

जेवणं झाली. शेजारच्या दोघीतिघी आल्या, आणि दरवर्षीप्रमाणे वैजयंतीबाई जरेची गोष्ट सांगायला बसल्या. राजाला दोन राण्या. मूल नाही. ऋषींनी एक आंबा दिला. राण्यांनी तो निम्मा निम्मा खाल्ला. दोघींना दिवस गेले, आणि दोघींना निम्मं निम्मं बाळ झालं. एक डोळा, एक हात, एक पाय. घाबरून दोन्ही तुकडे बाहेर टाकून दिले. तिथून जरा राक्षसीण चालली होती. तिने दोन्ही तुकडे उचलले, एकाला एक लावले, आणि...

वैजयंतीबाई थांबल्या.

ही गोष्ट त्यांनी आईच्या मांडीवर ऐकली होती, शाल्मलीला मांडीवर घेऊन सांगितली होती. जीभ आपोआप पुढे जायची. आज ती जाईना. त्या कागदाकडे पाहत राहिल्या. दोन आयांचं बाळ जिने जोडलं, तिला त्या दर श्रावणात दूध-साखर दाखवत आल्या होत्या.

"आणि बाळाने टाहो फोडला," प्रमिलाताईंनी गोष्ट पुरी केली. "काय गं वैजू, विसरलीस?"

बाकीच्या बायका गेल्यावर वैजयंतीबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. ओवीचं, बाळाचं, अंगठ्याचं आणि आत्ता मनात आलं त्याचंही. प्रमिलाताई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्या दोन राण्या होत्या, पण राजा होता. आणि पुढे तो जरासंध काय निघाला ते ठाऊक आहे ना? भीमाने उभा चिरला त्याला."

"मोठेपणी तो काय झाला हे त्याचं कर्म, ताई. तो टाकलेला होता तेव्हा त्याला जोडणारी कुणीतरी लागलीच ना. आणि आपण तिला भिंतीवर लावतो."

"पोथीतलं वेगळं आणि आपल्या गल्लीतलं वेगळं. आज तू अंगठा मागे घेतलास तर उद्या मंडळात मी काय तोंड दाखवू? तुझ्या शेजारी बसून टाळ वाजवते मी."

"माझ्या कपाळाला कुंकू लावलंत, तेव्हा तुम्ही कुणाला विचारलं होतंत?"

प्रमिलाताईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.  "ते वेगळं होतं," त्या म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी यायला जमेल असं वाटत नाही, असंही जिना उतरता उतरता सांगून गेल्या.

*

बुधवारी सकाळी शाल्मलीचा फोन आला. रक्ताचा अहवाल चांगला होता, शिक्का जिथे हवा तिथे होता. पण ओवीचा रक्तदाब चढला होता. शनिवारी पोट उघडून बाळ काढायचं डॉक्टरांनी ठरवलं होतं. शाल्मली औषधं आणायला जाणार होती. तू तासभर तिच्यापाशी बसशील का?

वैजयंतीबाई मऊ भात आणि बिनमिठाचं मुगाचं वरण घेऊन त्यांच्या खोलीवर गेल्या. ओवी डाव्या कुशीवर निजली होती. उठू नकोस म्हटल्यावर उठली नाही.

"आईला कळवलंस का तुझ्या?" बाईंनी विचारलं.

ओवी भिंतीकडे पाहत म्हणाली, कळवलं होतं. चार वर्षांपूर्वी घरच्यांनी सांगितलं होतं की आमच्या दृष्टीने तू गेलीस. परवाही तेच म्हणाले.

मग ती अगदी साध्या आवाजात बोलू लागली. शनिवारी ती शुद्धीत नसेल. कागदावर बाळाची आई ती एकटीच. तिला काही झालं, तर बाळाचं कायद्याने कुणीच नाही. यंत्र रक्त तपासून सांगेल की शाल्मली आई आहे, कायदा विचारेल ही कोण. बाळ बालकल्याण समितीकडे जाईल, निकाल लागेपर्यंत तिथेच राहील. कितीही महिने.

"मी मरायला घाबरत नाहीये, काकू," ती म्हणाली. "ती पाळण्यात रडत असेल आणि शाल्मलीला दाराबाहेर उभं करतील, याला घाबरते."

वैजयंतीबाईंनी तिच्या तोंडात भाताचा घास दिला. ती रडत होती, तरी तिने तोंड उघडलं. वाटी संपेपर्यंत बाई तिला भरवत राहिल्या. 

*

गुरुवारी सकाळी पूजा आटोपून त्या एकट्याच सांगलीला गेल्या. शाल्मलीला सांगितलं नव्हतं. नोंदणी कार्यालयात गावडे नावाचे अधिकारी होते. त्यांनी पडद्यावर हरकत काढली आणि विचारलं, "मागे घेण्याचं कारण? यात तीन पर्याय आहेत, आजी. गैरसमज, दबाव, इतर."

गैरसमज म्हटलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं, आणि मंडळालाही सांगायला बरं पडलं असतं.

"गैरसमज नव्हता," वैजयंतीबाई म्हणाल्या. "इतर घाला."

"मग खाली कारण लिहावं लागेल."

त्यांनी लिहिलं. पोस्टातल्या सवयीने अक्षरं सुटी सुटी काढली. गावडेंनी नियमाप्रमाणे ते मोठ्याने वाचून दाखवलं. "माझ्या देवघरात लग्न कशाला म्हणायचं ते माझं आणि देवाचं आहे. सरकारचं पुस्तक हे माझं देवघर नाही. त्यात ज्यांची नावं शेजारी नसली तर एक लेकरू पोरकं होईल, त्यांची नावं शेजारी असावीत. मी वैजयंती, बाळाची आजी."

गावडेंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. मग म्हणाले, "अंगठा."

त्यांनी टेकवला. आपण तो कशासाठी टेकवत आहोत, हे या वेळी त्यांना पुरतं माहीत होतं.

दुपारी त्यांनी फोन करून शाल्मलीला सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. चार वाजता शाल्मली आणि ओवी सांगलीला जाऊन सह्या करून आल्या. ओवी गाडीतून उतरलीच नाही, गावडेच नोंदवही घेऊन खाली आले.

*

शुक्रवार. श्रावणातला शेवटचा.

पहाटे पुरण शिजायला टाकलं तेव्हा वैजयंतीबाईंना आठवलं, आज सवाष्ण नाही. प्रमिलाताई येणार नव्हत्या. मंडळातल्या दुसऱ्या कुणाला बोलवावं तर तीही काही कारण सांगेल. सवाष्णीवाचून जिवतीचा शुक्रवार पुरा व्हायचा नाही. शाल्मलीच्या जन्मापासून असं झालं नव्हतं.

त्या पुरण घोटत राहिल्या. सवाष्ण म्हणजे जिचं लग्न जिवंत आहे, ती. गॅस बारीक केला आणि त्यांनी फोन लावला. डॉक्टरांनी परवानगी दिली तर तासभर दोघी जेवायला या, म्हणाल्या. पुरण थोडंच वाढेन.

दूध घ्यायला दार उघडलं तर कडीला पिशवी अडकवलेली होती. आत आघाडा होता, ताजा, दूर्वांची जुडी बांधलेली. घंटी कुणी वाजवली नव्हती. वैजयंतीबाईंनी समोरच्या गच्चीकडे पाहिलं. कुंड्यांना नुकतंच पाणी घातलेलं दिसत होतं, माणूस दिसत नव्हतं.

दोघी आल्या. देवघरासमोर दोन पाट मांडलेले, भोवती रांगोळी. ओवीसाठी पाटावर उंच उशी. हळदीकुंकवाची कोयरी हातात घेऊन वैजयंतीबाई समोर बसल्या, तशी ओवी मागे सरली.

"काकू, हे सवाष्णीचं पान आहे ना? मी कशी बसू?"

"काल तुझं लग्न झालं ना?"

"हो, पण..."

"मग बस. माझी सवाष्ण खोळंबलीये."

त्यांनी आधी ओवीला कुंकू लावलं, मग लेकीला. दोघींची ओटी भरली. पुरणाच्या दिव्यांनी शाल्मलीला औक्षण केलं, मग तबक थोडं खाली घेऊन ओवीच्या पोटासमोरही ओवाळलं. सवयीने अक्षतांची मूठ चारी दिशांना टाकायला वर गेली. मग त्यांच्या लक्षात आलं की यंदा कुणी दूर नाही. त्यांनी अक्षता तिथेच, समोर, त्या तिघींवर हळूच सोडल्या.

सवाष्णी जेवल्या. मग वैजयंतीबाईंनी आपलं पान वाढून घेतलं आणि पहिला घास तोंडात घातला.

"आता काय मागायचंय ते माग," शाल्मली ओवीला म्हणाली. "घास संपेपर्यंत तिला नाही म्हणता येत नाही. मी लहानपणापासून असंच करते."

ओवी हसली नाही. ती साडीच्या निऱ्यांशी चाळा करत होती. "उद्या आत न्यायच्या आधी शाल्मली सही करेल," ती म्हणाली. "तेवढ्याचीच काळजी होती. पण आत जाताना एक हाक मारायची असते ना... ती मारायला माझ्याकडे कुणी नाहीये." तिने मान खाली घातली. "तुम्हाला आई म्हणू का?"

वैजयंतीबाईंचा हात पानावर थांबला. बत्तीस वर्षांचा नेम होता. त्या बोलल्या नाहीत. ओवीचा जीव टांगणीला लागला होता आणि समोर त्या खाली मान घालून जेवत होत्या. पोळी संपवली. वरणभात संपवला. पानात काही टाकलं नाही. शाल्मलीने सवयीने ताकाचं भांडं पुढे केलं, तर त्यांनी हाताने नको म्हटलं. आई ताकभाताशिवाय पानावरून उठली, असं शाल्मलीने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्या घाईघाईने बेसिनपाशी गेल्या, हात धुतले, आचमन केलं. ओल्या हातानेच परत आल्या आणि ओवीच्या सुजलेल्या पावलांपाशी खाली बसल्या.

"म्हण," त्या म्हणाल्या.